कोणाचे यकृत, कोणाच्या पेशी?

जगभरच्या प्रयोगशाळांत यकृताच्या कर्करोगाचा अभ्यास ज्या पेशींवर चालतो, त्यांतल्या एका प्रकाराचे नाव 'पीएलसी/पीआरएफ/५' असे आहे. पहिली तीन अक्षरे रोगाची : यकृतातच उगम पावलेला कर्करोग. पुढची तीन संस्थेची : जोहान्सबर्गचे पोलिओ संशोधन प्रतिष्ठान. शेवटी एक आकडा. एवढे लांब नाव तोंडात बसत नाही म्हणून शास्त्रज्ञ त्यांना 'अलेक्झांडर पेशी' म्हणतात. अलेक्झांडर हे रोग्याचे नाव नव्हे. ज्या संशोधकांनी १९७६ साली या पेशींवरचा निबंध दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्यांतील पहिल्याचे ते आडनाव. ज्याच्या यकृतातून पेशी घेतल्या त्याच्याविषयी नोंद एवढीच : पुरुष, तरुण, काळा, मोझांबिकचा, शांगान जमातीचा.

जमातीची नोंद झाली, नावाची झाली नाही. आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. जुन्या दप्तरात आपल्या पणजोबांचा माग काढणाऱ्याला बहुधा जात सापडते, काम सापडते, कधी नुसता आकडा सापडतो. माणूस सापडत नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. पेशी आणि विषाणू हा माझा प्रांत नाही. या वाटेला मी कसा लागलो ते आधी सांगितले पाहिजे. आमचे अण्णा नगरपालिकेत सफाई कामगार होते. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. काही वर्षांपूर्वी अण्णांच्या पोटात पाणी झाले, डोळे पिवळे पडले, म्हणून आम्ही त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी केसपेपरवरचा पत्ता वाचला आणि साठीच्या माणसाला पहिला प्रश्न केला, "काय रे, रोज किती मारतोस?" आजोबांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्यांतली मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आमच्या घरात दोन पिढ्या पाळली गेली. अण्णा काही बोलले नाहीत. मी बोललो, तर "सगळे असेच सांगतात" हे उत्तर मिळाले. आठ दिवसांनी रक्ताचा अहवाल आला : हिपॅटायटिस बी. सुईने यकृताचा तुकडा काढण्यापूर्वी एका इंग्रजी कागदावर त्यांची सही घेतली. मी शेजारी उभा होतो, मला इंग्रजी येते, तरी तो कागद माझ्या हाती दिला गेला नाही. तीन महिन्यांत अण्णा गेले. त्यानंतर यकृताच्या कर्करोगावर जे मिळेल ते मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता त्या मोझांबिकच्या तरुणापाशी येऊन थांबलो.

सेल लाइन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपण तिला पेशीवंश म्हणू. शरीरातून काढलेली निरोगी पेशी काचपात्रात काही काळ वाढते, ठरावीक वेळा विभागते आणि थांबते. कर्करोगाच्या काही पेशी मात्र थांबत नाहीत. त्यांना पोषक द्रव, ऊब आणि स्वच्छता मिळाली की त्या वर्षानुवर्षे वाढत राहतात. मूळ माणूस जातो, त्याच्या पेशी राहतात. त्या गोठवता येतात, कुपीत भरून पाठवता येतात, विकता येतात. औषध तपासायचे, विषाणूचा स्वभाव पाहायचा, कर्करोग शरीरभर कसा पसरतो ते शोधायचे, तर आधी अशा पेशी हव्यात. हजारो प्रयोग एकाच माणसाच्या पेशींवर होतात.

आता जोहान्सबर्ग. मोझांबिकचा काळा तरुण त्या काळी तेथे कशासाठी येत असे? सोन्याच्या खाणींसाठी. खाणमालकांच्या संघटनेची भरती कचेरी मोझांबिकच्या गावोगावी पोचलेली होती. १९७५ साली लाखाहून अधिक मोझांबिकी मजूर दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते. त्यांच्या मजुरीचा काही भाग परस्पर पोर्तुगीज वसाहत सरकारकडे जमा होई आणि त्या सरकारला तो सोन्याच्या रूपाने मिळे. मजुराला बायकामुले आणता येत नसत. बराकीत राहायचे, करार संपला की परत जायचे. या मजुरांत यकृताचा कर्करोग फार, आणि तोही ऐन तिशीत, हे डॉक्टरांच्या लक्षात आले ते खाणींच्या रुग्णालयांमुळे. १९६४ ते १९७१ या काळातील खाणमजुरांच्या कर्करोगाचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. त्यात मोझांबिकहून आलेल्यांचे प्रमाण ठळकपणे उठून दिसते.

ज्या १९७६ साली तो पेशीवंशाचा निबंध छापला गेला, त्याच वर्षी १६ जूनला त्याच शहराच्या कडेला, सोवेटोत, शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली होती. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी थेट संबंध नाही, हे मला समजते. पण ज्या राज्यात काळ्या माणसाला शहरात राहायला पास लागत होता, त्या राज्यात त्याच्या यकृतातील पेशीला मात्र कुठेही जायला परवाना लागला नाही.

त्या पेशींनी शास्त्राला दिले काय? पुष्कळ दिले. या पेशी काचपात्रात वाढताना हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन सतत बाहेर टाकतात, हे १९७६ मध्येच दिसून आले. म्हणजे विषाणू त्यांच्या आत कुठेतरी ठाण मांडून होता. १९८० मध्ये निरनिराळ्या गटांनी दाखवून दिले की विषाणूची जनुके त्या माणसाच्या स्वतःच्या गुणसूत्रांत शिवली गेली आहेत. कावीळ घडवणारा विषाणू आणि यकृताचा कर्करोग यांचे नाते तोवर आकडेवारीवरून मांडले जात होते. ते येथे पेशीच्या गाभ्यात दिसले.

पुढे १९९१ मध्ये आणखी एक धागा हाती आला. भुईमूग, मका साठवणीत ओलसर राहिला की त्यावर बुरशी धरते. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष प्रथम कळले १९६० साली इंग्लंडात, टर्की पक्षी हजारांनी मेले तेव्हा. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. मोझांबिक आणि चीनच्या किनारपट्टीवरचे शेतकरी जे खात होते, त्यात हेच विष होते. ते यकृतात जाऊन पी-५३ या रक्षक जनुकातील एका विशिष्ट जागी, २४९ क्रमांकावर, एक अक्षर बदलते. दक्षिण आफ्रिकेतील आणि चीनच्या चिदोंग भागातील रोग्यांत हीच खूण सापडली. अलेक्झांडर पेशींतही ती आहे.

त्या तरुणाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, पण त्याने लहानपणापासून कसले धान्य खाल्ले हे त्याच्या पेशीने लिहून ठेवले. त्या काळी चिदोंगचा गरीब शेतकरी आणि मोझांबिकचा मजूर यांची भाषा वेगळी, देव वेगळे, राज्य वेगळे. बुरशी लागलेला मका मात्र एकच. आणि हे केवळ परदेशातले नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवेळी पावसाने मका भिजला, बुरशीने माखला, आणि तोच मका आदिवासींनी खाल्ला, कारण घरात दुसरे काही नव्हते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ मेले. पोटात पाणी, डोळे पिवळे. वाळलेला, निवडलेला दाणा बाजारात जातो. उरलेला घरात शिजतो. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

येथे मला थोडे मागे, १९५१ साली, अमेरिकेतील बाल्टिमोरला जावे लागते. कारण यकृताच्या पेशीवंशांची कथा तेथून सुटी करता येत नाही. हेन्रिएटा लॅक्स ही व्हर्जिनियातील तंबाखूच्या शेतांत वाढलेली काळी स्त्री. तिच्या पूर्वजांनी त्याच मातीत गुलामी केली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या काळ्यांसाठीच्या वेगळ्या वॉर्डात तिच्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार झाले. उपचाराआधी काढलेला तुकडा तिला न विचारता जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती मरण पावली. तिच्या पेशी वाढतच राहिल्या : मानवी पेशींचा पहिला अमर वंश, 'हेला'. तिचे नाव 'हेलन लेन' असे चुकीचे पसरले. खरे नाव छापून आले १९७१ मध्ये. घरच्यांना कळले त्यानंतर, १९७३ मध्ये.

मुंबईशी या प्रयोगशाळेचा धागा जुना आहे. डॉ. कमल रणदिवे १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर गाय यांच्याच हाताखाली पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुण्यात १९८६ साली राष्ट्रीय पातळीवरचे पेशीभांडार सुरू झाले. तेच आजचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. तेथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवले जातात. ज्या विद्यापीठाच्या आवारात ते उभे आहे, त्याला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. आपली मुले-मुली आता तेथे संशोधक म्हणून जातात, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

हेलाचा यकृताशी संबंध काय? १९५४ साली चांग नावाच्या संशोधकाने निरोगी यकृतातून वाढवलेल्या म्हणून काही पेशी जगापुढे ठेवल्या. त्या 'चांग लिव्हर' म्हणून सर्वत्र गेल्या. इतरांनीही कुठे आतड्याच्या, कुठे डोळ्याच्या पेशी वाढवल्या. मग १९६६ साली पेनसिल्व्हेनियातील बेडफर्ड येथे भरलेल्या परिषदेत स्टॅन्ली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञाने सांगितले की वेगवेगळ्या म्हणून वापरात असलेल्या १८ पेशीवंशांत एका विकराचा एकच प्रकार सापडतो, आणि तो प्रकार तोवर फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळला होता. त्यांतले काही वंश तर गोऱ्या माणसांचे म्हणून नोंदलेले होते. अर्थ उघड होता. त्या सगळ्या पेशी हेन्रिएटाच्या होत्या. 'चांग लिव्हर' हीसुद्धा यकृत नसून हेलाच निघाली.

सभागृहात बसलेल्या विद्वानांची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपल्या वाचकांइतकी दुसऱ्या कोणाला करता येणार नाही!

पण पुढचे पाहा. या प्रकाराला शब्द कोणता मिळाला? दूषितीकरण. आपल्या भाषेत सांगायचे तर विटाळ. हेला 'शिरते', हेला 'आक्रमण करते', हेला इतरांना 'बाटवते' अशा भाषेत लेख लिहिले गेले. जणू ती बाई स्वतः रात्री उठून काचपात्रांतून हिंडत होती. वस्तुस्थिती साधी आहे. एकाच नळीने दोन बाटल्यांत द्रव घातला गेला, झाकणे उघडी राहिली, चिठ्ठी चुकीची लागली. हेलाची पेशी जोमाने वाढणारी, म्हणून एक थेंब गेला तरी काही आठवड्यांत तीच उरते. दोष हाताचा होता. नाव पडले स्पर्श झालेल्याचे.

मला कोणी चुकीचे समजू नये. ही भेसळ खरी आहे आणि ती घातक आहे. यकृत म्हणून ज्यावर प्रयोग केला ते यकृत नसेल, तर त्यातून निघालेले निष्कर्ष रोग्याच्या उपयोगाचे नाहीत. वॉल्टर नेल्सन-रीस यांनी १९७४ पासून अशा भेसळीच्या याद्या जाहीरपणे छापल्या आणि त्यांना सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागला. खरे सांगणाऱ्याचे सर्वत्र हेच होते. माझा आक्षेप याद्यांना नाही, भाषेला आहे. आणि एका कृतीला आहे : १९७३ साली भेसळ ओळखण्यासाठी हेन्रिएटाच्या मुलांचे रक्त घेतले गेले, तेव्हा रक्त कशासाठी घेतात हे त्यांना धड सांगितले गेले नाही. आपल्याला आईचा कर्करोग आहे का ते पाहतात, अशी त्यांची समजूत झाली. आईच्या पेशी घेताना विचारले नाही. त्या पेशींचा गोंधळ निस्तरताना मुलांनाही विचारले नाही.

गंमत अशी की हा धडा पुरेसा गिरवला गेला नाही. चीनमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेले म्हणून यकृत कर्करोगाचे दोन पेशीवंश, 'बेल-७४०२' आणि 'एसएमएमसी-७७२१', पुढे अनेक दशके वापरले गेले. कर्करोग कसा पसरतो यावरचे कितीतरी निबंध त्यांवर लिहिले गेले. आता जनुकीय ठसे पडताळण्याची पद्धत आल्यावर दिसून आले की तीही हेलाच. निरोगी यकृत म्हणून त्यांच्या शेजारी तुलनेला ठेवला जाणारा 'एल-०२' हा वंश, तोही हेला. म्हणजे रोगी यकृत विरुद्ध निरोगी यकृत अशी तुलना चालली होती, आणि दोन्ही बाजूंना बाल्टिमोरची तीच स्त्री उभी होती.

फैलावाचा खरा अभ्यास करण्यासाठी वेगळी वाट धरावी लागली. यकृताच्या कर्करोगाने माणूस मरतो तो बऱ्याचदा त्या पहिल्या गाठीने नव्हे. गाठ शस्त्रक्रियेने काढली तरी पेशी आधीच रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात. त्या यकृतातच दुसरीकडे किंवा फुप्फुसात जाऊन बसतात. शांघायच्या झोंगशान रुग्णालयातील यकृत कर्करोग संस्थेत तांग चाओयौ यांच्या गटाने रोग्यांच्या गाठींचे तुकडे प्रतिकारशक्ती नसलेल्या केसरहित उंदरांच्या यकृतात रुजवले. बहुतेक तुकडे फारसे पसरले नाहीत. एक पसरत राहिला. त्यापासून १९९९ साली 'एमएचसीसी-९७' हा पेशीवंश जाहीर झाला. २००१ मध्ये त्याच्यातून दोन शाखा वेगळ्या केल्या : एक भराभर पसरणारी, दुसरी मंद. उंदरांत पहिलीने दहापैकी दहा वेळा फुप्फुस गाठले, दुसरीने दहापैकी चार वेळा. माणूस एक, गाठ एक, जनुकांचा वारसा बहुतेक एक; तरीही फरक. हा फरक कशाने पडतो ते शोधता यावे म्हणूनच ही जोडी घडवली. पुढे फुप्फुसात जाऊन बसलेल्या पेशी पुन्हा काढून, पुन्हा वाढवून 'एचसीसीएलएम-३' हा त्याहून आक्रमक वंश २००३ च्या सुमारास आला. चिकाटीचे काम आहे. त्याबद्दल आदरच वाटतो.

अमेरिकेतल्या दोन वंशांचाही उल्लेख करतो, कारण ते आज सर्वांत अधिक वापरले जातात. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतून १९७९-८० मध्ये जाहीर झालेले 'हेप-जी२' आणि 'हेप-३बी'. पहिला अर्जेंटिनातील १५ वर्षांच्या गोऱ्या मुलाचा, दुसरा आठ वर्षांच्या काळ्या मुलाचा. दुसऱ्याच्या पेशींत हिपॅटायटिस बीची जनुके आहेत. आठ वर्षे! विषाणू बहुधा जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी शिरतो, हे या रोगाचे मर्म त्या एका आकड्यात आहे.

नाव गुप्त ठेवण्यात रोग्याचे संरक्षण असते, असे माझे विज्ञान शाखेतले सहकारी म्हणतात. ते खरे आहे. २०१३ मध्ये हेलाचा संपूर्ण जनुकसंच युरोपातील शास्त्रज्ञांनी परस्पर प्रसिद्ध केला, तेव्हा लॅक्स कुटुंबाच्या रक्तातल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या. त्याच वर्षी अमेरिकी सरकारी संस्थेला कुटुंबाशी करार करावा लागला. २०२३ मध्ये हेलावर व्यापार करणाऱ्या थर्मो फिशर कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली. म्हणजे नाव कळल्यामुळेच हक्क मागता आला. मोझांबिकच्या त्या तरुणाच्या वारसांना कोणाच्या दारात उभे राहता येईल? गुप्ततेचा लाभ कधी रोग्याला होतो, कधी घेणाऱ्याला. दर वेळी कोणाला झाला ते पाहावे लागते.

या साऱ्या ज्ञानातून जे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे निघाले ती लस. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देणे सुरू केले आणि काही वर्षांतच तेथील मुलांतला यकृताचा कर्करोग घटलेला दिसला. चिदोंगमध्ये १९८० च्या दशकात लोकांच्या ताटात मक्याऐवजी तांदूळ आला आणि यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले. दक्षिण आफ्रिकेत सार्वत्रिक लस आली १९९५ साली, वर्णभेदाचे राज्य संपल्यावर. भारतात २००२ पासून काही भागांत, आणि सर्व राज्यांत २०११ मध्ये. अण्णांचा जन्म १९५० च्या दशकातला. त्यांच्या वाट्याला लस आली नाही. रुग्णालयाच्या मागचा कचरा ते वर्षानुवर्षे हाताने उचलत होते. वापरलेल्या सुया त्यातच असत. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम देशात झाले १९९८ मध्ये, तोपर्यंत त्यांची अर्धी नोकरी झाली होती. सुई टोचली की ते बोट तोंडात धरून रक्त थुंकत आणि पुन्हा कामाला लागत, एवढे मला लहानपणचे आठवते.

अण्णा गेल्यावर आम्ही घरातल्या सर्वांचे रक्त तपासून घेतले. धाकट्या भावाला हिपॅटायटिस बी निघाला. २०१८ पासून सरकारचा विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम आहे, तपासणी व गोळ्या मोफत मिळतात; तो रोज एक गोळी घेतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. यकृत आज ठीक आहे. ही सोय आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील कंत्राटी सफाई कामगारांना लस मिळावी म्हणून आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी खटपटीला लागलो. कायम कामगारांची सोय होती, कंत्राटींची नव्हती. अर्जासोबत यादी हवी होती. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर कित्येकांची नुसती टोपणनावे, काही ठिकाणी 'अमक्याची बायको'. मुलांनी सकाळी पाचला हजेरीच्या जागी जाऊन एकेकाला विचारून पूर्ण नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय लिहून घेतले. एका बाईने स्वतःचे नाव सांगायला बराच वेळ घेतला. मग सांगितले, आणि मुलीने ते नीट लिहिले की नाही हे दोनदा वाचून घेतले. पहिला डोस झाला आहे. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी द्यायचा असतो.